पणजोबा ऑफलाइन आहेत

"हात लावू नका! आंग धुऊन आले काय, सर? नाही ना? मंग लांबूनच सांगा! पारोशा हातानं वडिलांना शिवता?"

रविवारची सकाळ, साडेसहा. तोंडात टूथपेस्टची चव, अंगात कालचाच सदरा, आणि शेजारच्या घरातल्या मागच्या खोलीत मी गुडघे टेकून बसलेलो. मी ज्याला शिवणार होतो ते कुणाचे वडील नव्हते. तो पाटावर ठेवलेला पांढरा प्लॅस्टिकचा डबा होता, अर्धा किलो श्रीखंडाचा असतो तेवढा. पाठीला वायर खुपसायची दोन भोकं आणि कपाळाला हळदकुंकू. घरभर वायफाय फिरवणारे असे तीन डबे आमच्या मनोहर गुरुजींच्या घरी आहेत. पुढच्या खोलीतल्या पहिल्या डब्याचं नाव पणजोबा. स्वयंपाकघराच्या दारावरचे ते आजोबा. आणि मागच्या खोलीत पाटावर बसलेले हे वडील.

मोबाइलमधलं अ‍ॅप डबा जोडताना विचारतं, याला काय म्हणू? साधा माणूस लिहितो हॉल, किचन, बेडरूम. गुरुजींचा जन्म श्राद्धं सांगण्यात गेलेला. त्यांनी तीन रिकाम्या जागा पाहिल्या आणि हात आपोआप तीन पिढ्या भरून मोकळा झाला. "पणजोबांकडून आजोबांकडे, आजोबांकडून वडिलांकडे. नेट असंच येते ना खाली? मंग काय चुकलं?" असं वर मलाच विचारलं. काही चुकलं नव्हतं, हेच तर दुःख आहे. त्या दिवसापासून अ‍ॅप शुद्ध मराठीत निरोप धाडतं. 'पणजोबा ऑफलाइन आहेत.' 'आजोबांशी वडिलांचा संपर्क क्षीण आहे.' 'आजोबा अद्ययावत नाहीत. आता करायचे का?' गुरुजींची बायको, म्हणजे आमच्या काकू, हे निरोप फोडणी देता देता मोठ्यानं वाचतात आणि म्हणतात, "जिवंतपणी तरी कोण अद्ययावत झालं होतं या घरात!"

गुरुजींचं वय सहासष्ट. अंगानं कापसाच्या पऱ्हाटीची वाळली काडी. पेटवायची सुद्धा गरज नाही, स्वतःच पेटतात. सगळं बळ गळ्यात. हा माणूस अंगणात संकल्प सोडतो तेव्हा बडनेऱ्याच्या फलाटावरचे लोक गाडी आली समजून सामान उचलतात. अशा माणसाला अकोल्याशी बोलायला इंटरनेट लागावं, ही मुळात विज्ञानाला लाज आणणारी गोष्ट. मूर्तिजापूरला मधे एक बऱ्या कानाचा माणूस उभा केला असता, तर काम वायरीशिवाय आणि डब्यांशिवायही झालं असतं. हे मी त्यांना एकदा सुचवलं. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "मूर्तिजापूरचा माणूस स्वर चुकवते."

अकोल्याला त्यांचे थोरले भाऊ असतात. दादा. या दोन भावांनी पन्नास वर्षं रोज सकाळी सातला समोरासमोर बसून वेदाचा पाठ म्हटला. अर्धी ओळ एकानं म्हणायची, उरलेली दुसऱ्यानं उचलायची, मधे श्वास शिरेल एवढीही फट ठेवायची नाही. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच धाकट्याला हे सगळं तोंडी शिकवलं. तोंडी म्हणजे हातानं. एक स्वर चुकला की मांडीवर एक चापट. गुरुजींची उजवी मांडी डावीपेक्षा अजूनही सपाट आहे, असं काकू सांगतात. दीड वर्षापूर्वी दादांना त्यांच्या मुलानं, रवीनं, अकोल्याला फ्लॅटवर नेलं. पाठ मात्र सुटला नाही. सकाळी सातला इकडे गुरुजी मोबाइल तांब्याला टेकवून बसायचे आणि तिकडे दादा स्टुलावर ठेवलेल्या मोबाइलसमोर.

आणि मग फट पडायला लागली. गुरुजींची अर्धी ओळ संपायची, दादांची सुरूच व्हायची नाही. कधी चित्र गोठायचं, कधी आवाज तुटायचा, कधी नुसतीच शांतता. दादा चिडले. "मन्या, माह्या तोंडून शब्द निसटून राहिले असतील तर बंद करू हे," म्हणाले. "चुकलेला पाठ म्हणून पाप कोण घेईल?" त्यावर गुरुजींनी जो आवाज लावला तो मी भिंतीपलीकडे माझ्या न्हाणीघरात ऐकला. "तुमच्या तोंडून? शक्य नाही दादा! हवा खाते शब्द. हवेचा भरवसा नाही! वायर लावतो मी. पंधरा दिवस द्या मले. तोवर बंद करायची भाषा नको."

झालं. त्या दिवसापासून 'हवेचा भरवसा नाही' हे त्यांचं पालुपद होऊन बसलं. रवीनं हौसेनं काकाला तीन डबे धाडले होते, घरभर उत्तम वायफाय झालं होतं, काकू माळवदावर पापड घालता घालता मालिका बघत होत्या. पण हे काही ऐकायला तयार नाहीत. "दिसत नाही ते खरं कसं?" मला विचारतात. ज्याची हयात न दिसणाऱ्याला नैवेद्य दाखवण्यात गेली, तो माणूस हे विचारतो! आणि अकोल्याविषयी तर त्यांचं मत आधीपासूनच पक्कं होतं. "अकोल्याचं ऊन तुम्हाले माहीत नाही, सर. इथून ओला शब्द सोडला का बोरगाव मंजूपर्यंत जरा लवचिक राहते. पुढं पापड."

माझा यात दोष एवढाच की मी तंत्रनिकेतनात शिकवतो. काय शिकवतो, हे गुरुजींनी आजतागायत विचारलेलं नाही. मी स्थापत्य शिकवतो. विटा, वाळू, सिमेंट. तारेशी माझा संबंध सळईपुरता. पण ज्या माणसाच्या शाळेच्या नावात 'तंत्र' आहे त्याला मिक्सरपासून उपग्रहापर्यंत सगळं येतं, अशी आमच्या कॉलनीची श्रद्धा आहे. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, हा माझा विषय नाही." तर म्हणाले, "मीही श्राद्धंच सांगतो. पण लग्नघरी नाही म्हणतो काय?"

मी डब्यासोबत आलेलं माहितीपुस्तक मागितलं. ते देवघरातून लाल कापडात बांधलेलं आलं. गुरुजींनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. दहा भाषांत होतं, मराठीत नव्हतं. त्यांनी चित्रांवरून भाष्य केलं होतं आणि समासात पेन्सिलीनं खुणा. पहिल्याच पानावर पाण्याचा तांब्या आणि त्यावर फुली असं चित्र. त्याचा त्यांना फार राग. "आमी काय अभिषेक करून राहिलो काय याले? कंपनीनं ब्राह्मणाले एवढा मूर्ख समजावं?"

आतून काकू म्हणाल्या, "विचार तर केला होता तुम्ही."

तर पुन्हा त्या रविवारकडे. या डब्यांच्या पाठीच्या भोकात वायर खुपसून ती थेट संगणकाला लावता येते. फक्त कंपनी ते भोक बंद करून धाडते. अ‍ॅपमधे जाऊन प्रत्येक भोकाला त्याचं काम नेमून द्यावं लागतं. हे काम मला आदल्या दिवशी माझ्याच कॉलेजातल्या एका बाईंनी दहा मिनिटांत शिकवलं होतं, आणि मी ते तीस वर्षांच्या तपश्चर्येनं आलेलं असावं तसा चेहरा करून बसलो होतो. काम नेमून झालं. वायर भोकात घातली. ती बसेना. टक् असा आवाज यायला हवा, तो येईना. म्हणून मी डबा उचलायला गेलो आणि वर सांगितलेलं ते झापणं झालं.

गेलो घरी. आंघोळ केली. बायकोला विचारलं नाही, सांगितलं नाही, रविवारी सकाळी सहा पस्तीसला नवऱ्याला गार पाण्यानं आंघोळ करताना पाहून ती घाबरली. परत आलो, ओल्या केसांनी डबा उचलला, काकूंची केसातली पिन मागितली आणि भोकात खुपसून वळवली. आतून एक तांदूळ पडला. लाल. कुंकवाचा.

"हे काय?"

"अक्षता," गुरुजी म्हणाले. "दसऱ्याले पूजा केली होती. सगळ्या यंत्रांची करतात. तुमी तुमच्या स्कूटरची करत नाही?"

"स्कूटरच्या पेट्रोलच्या टाकीत नाही टाकत मी अक्षता."

"वाहताना तोंड कुठं आहे ते पाहावं लागते ना! मले तेच तोंड वाटलं."

दुसऱ्या भोकातून अडीच तांदूळ निघाले. आजोबांकडून एक. पणजोबांना तीन भोकं, म्हणून त्यांना वंशातल्या थोरल्याचा मान, पाच. ते सगळे त्यांनी तळहातावर गोळा करून तुळशीत टाकले. फेकले नाहीत. माझा आणखी अर्धा तास गेला.

आता टक् झालं. हिरवा दिवा लागला. मी सुटलो म्हणून उठलो, तर गुरुजी पाटाशी वाकून वायरीचा माग काढत होते. डब्यापासून संगणकापर्यंत दीड हात.

"सर, वडिलांपासून संगणकापर्यंत वायर. ठीक. आजोबांपासून वडिलांपर्यंत काय?"

"तिथं हवेतून येतं."

"आणि पणजोबांपासून?"

"तेही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच पिंडाला कावळा शिवू देत नाहीये. "म्हणजे भातकुलीहून अनवाणी चालत यायचं आणि घर आल्यावर राजकमल चौकात चप्पल घालायची! कोण म्हणते तुमाले मास्तर?"

काय करणार, खरं होतं. डबे एकमेकांनाही वायरीनं जोडता येतात, हे मी कबूल करून बसलो. त्याच दिवशी ते जाऊन चाळीस मीटर निळी वायर घेऊन आले. येताना माझ्यासाठी चौकातला गिला वडा आणला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो, तर त्यांच्या अंगणात सोवळ्याच्या काठीवर, त्यांच्या रेशमी मुकट्याशेजारी, चाळीस मीटर इंटरनेटची वायर वाळत घातलेली. "धुतली?" मी वरून ओरडलो. "शिंपडलं फक्त!" ते खालून ओरडले. "दुकानात किती जणांनी हाताळली असेल!" एक कावळा तिच्यावर येऊन बसला. त्याला हाकलायला काकूंना लाटणं घेऊन उभं केलं.

वायर ठोकायला चार दिवस लागले. कारण ती उंबरठ्यावरून जायची नाही, पायाखाली यायची नाही, देवघराच्या मागून जायची नाही, आणि न्हाणीघराच्या भिंतीला तर टेकायचीच नाही. सरळ जाऊ दिली असती तर बारा मीटरमधे काम होतं. तिनं मोकाट गाईसारखी घरभर फेरी मारली, दोनदा खिडकीतून बाहेर पडून आत आली आणि एकतीस मीटरला वडिलांपर्यंत पोहोचली. प्रत्येक खिळ्याला पंचांग. शुक्रवारी राहुकाळात हातोडी उचललीच नाही. मी म्हणालो, खिळ्याला काय कळतंय राहुकाळ? म्हणाले, "खिळ्याले नाही कळत. पण अंगठ्याले कळते," आणि निळा पडलेला अंगठा दाखवला. तो गुरुवारी राहुकाळात ठेचला होता.

एवढं सगळं चाललं असताना रोज सकाळी सातला हवेतूनच पाठ व्हायचा, आणि रोज कुठं ना कुठं तुटायचा. तुटला की गुरुजी दादांना हिशोब द्यायचे. "आज आजोबांपर्यंत आली वायर, दादा. उद्या वडिलांपर्यंत. सोमवारी पहा तुमी, एक अक्षर गळणार नाही." पंधरा दिवसांचा वायदा सोमवारीच संपत होता. दादा पलीकडून नुसते हं म्हणायचे.

शनिवारी दुपारी आमच्या गल्लीवर आपत्ती आली. आधी आमचं नेट गेलं, मग समोरच्यांचं, मग कोपऱ्यावरच्या वकिलांचं. लोक म्हणतात त्या दुपारी चांदूर रेल्वे गावापर्यंत मोबाइल गरम झाले होते. मी एवढं म्हणणार नाही, फार तर बडनेऱ्यापर्यंत. मी गुरुजींकडे धावलो. पणजोबा, आजोबा, वडील, तिघांचेही दिवे लग्नाच्या मांडवातल्या माळांसारखे पिसाटून उघडझाप करत होते. आणि गुरुजी मधोमध हात जोडून उभे.

"संचार झाला काय हो सर, यांच्यात?"

मी वायरीचा माग काढला. पणजोबांपासून आजोबांपर्यंत, ठीक. आजोबांपासून वडिलांपर्यंत, ठीक. आणि वडिलांच्या दुसऱ्या भोकातून, जे सोमवारी संगणकासाठी राखून ठेवलं होतं, उरलेली नऊ मीटर वायर निघून, अंगणातून, तुळशीला उजवी घालून, परत पणजोबांच्या तिसऱ्या भोकात!

"ही कशाला?"

"वायर उरली होती. भोक रिकामं होतं." मग जरा अवघडून म्हणाले, "आणि सर, प्रदक्षिणा अर्धी सोडत नाहीत. जिथून निघाली तिथं आणून टेकवली. पुरी केली."

तर झालं होतं असं. पणजोबांकडून निघालेला निरोप आजोबांकडे, आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून परत पणजोबांकडे, पणजोबांना वाटलं नवाच आहे, त्यांनी तो पुन्हा आजोबांकडे धाडला. तीन पिढ्या एकच निरोप एकमेकांना देत गोल फिरत होत्या, सेकंदाला हजार वेळा, आणि बाहेरच्या जगाचं ऐकायला कुणाला फुरसत नव्हती. आमच्या कॉलनीतल्या बहुतेक घरांचं तसंच आहे, पण तिथं दिवे लागत नाहीत.

हे मी त्यांना तांत्रिक भाषेत सांगितलं. शेंडीवरून गेलं. "प्रमाण काय?" म्हणाले. "पोथीत असं कुठं लिवलं?"

मला एकदम सुचलं. "गुरुजी, महादेवाच्या देवळात प्रदक्षिणा पुरी घालतात काय?"

ते थबकले.

"पन्हळीपर्यंत जायचं आणि तिथून मागं फिरायचं. पन्हळ ओलांडायची नाही. तुम्हीच आम्हाला ओरडता ना, शिवरात्रीला? तसं आहे हे. हे डबे महादेवाचे. वडील म्हणजे पन्हळ. तिथपर्यंत जायचं आणि परतायचं. पुरी केली की कोप."

मनोहर गुरुजींनी शेंडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. मग त्यांनी वाकून ती नऊ मीटर वायर स्वतःच्या हातानं उपसली. दिवे शांत झाले. गल्लीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "एवढी साधी गोष्ट," गुरुजी लाल कापडातल्या पुस्तकाकडे तुच्छतेनं पाहत म्हणाले, "आणि दहा भाषांत एकालाही लिहिता आली नाही. पाण्याचा तांब्या तेवढा काढून ठेवला."

सोमवार उजाडला. मी न बोलावता गेलो, आंघोळ करून. एवढे उपद्व्याप करून वायर चालते की नाही हे बघायचंच होतं, आणि चालली तर गुरुजींकडून एकदा तरी कबुली घ्यायची होती. मागच्या खोलीत जुना संगणक पाटासमोर मांडला होता. वडिलांच्या दुसऱ्या भोकातून वायर निघून थेट त्यात गेली होती. टक्. हिरवा दिवा, स्थिर. मी मोबाइलवर तपासलं. आतापर्यंत या घरात एवढं स्वच्छ नेट कधी आलं नव्हतं.

सातला पडद्यावर दादा आले. उघडं अंग, खांद्यावर उपरणं, मागे भिंतीवर कॅलेंडर, बाजूला कूलर. अकोल्यात सकाळी सातला कूलर लागतो, यावरून काय ते समजा. चित्र इतकं स्पष्ट की दादांच्या छातीवरचे पांढरे केस मोजावेत.

"मन्या," दादा म्हणाले, "आज तुझा चेहरा साफ दिसून राहिला. म्हातारा झाला रे तू."

"वायर आहे, दादा. वडिलांपर्यंत थेट. हवा नाहीच मधे."

"आणि तो कोण मागं?"

"सर. शेजारचे. यांनीच जोडून दिली."

"हं," दादा म्हणाले.

पाठ सुरू झाला. मी पन्नास वेळा भिंतीपलीकडून ऐकलेला, पण समोर बसून कधी ऐकला नव्हता. अर्धी ओळ इथून सुटायची आणि उरलेली तिथं पकडली जायची. शंभर किलोमीटर मधे आहेत हे कळतच नव्हतं. दोन म्हातारे एका दोरीच्या दोन टोकांना धरून विहिरीतून पाणी काढताहेत असं वाटत होतं. मला अभिमान वाटायला लागला. मी मनातल्या मनात स्थापत्य सोडून दिलं.

पाऊण पाठ झाला असेल. गुरुजींनी आपली अर्धी ओळ म्हटली आणि सोडली.

तिकडून काही आलं नाही.

मी डब्याकडे पाहिलं. हिरवा. पडद्याकडे पाहिलं. कूलरच्या वाऱ्यानं दादांच्या मागचं कॅलेंडर फडफडत होतं. खांद्यावरचं उपरणं हलत होतं. कूलरची घरघर नीट ऐकू येत होती. हलत नव्हते ते फक्त दादांचे ओठ. मग त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला, शेवटच्या पेरापर्यंत गेला, परत पहिल्यावर आला. डोळे कॅमेऱ्यात नव्हते, कुठंतरी खाली, मांडीजवळ, काहीतरी पडलंय आणि सापडत नाहीये अशासारखे.

"दादा!" गुरुजी ओरडले. "दादा, ऐकू येऊन राहिलं काय? इकडची वायर गेली!"

आणि माझ्यावर वळले. "काय केलं हो सर तुमी हे? पंधरा दिवस झाले! एक वायर धड खुपसता येत नाही? हेच शिकवता काय तंत्रनिकेतनात?"

माझं तोंड उघडलं होतं. हिरवा दिवा माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर जळत होता. मी त्याच्याकडे बोटही दाखवणार होतो. पण गुरुजी मला शिव्या देताना माझ्याकडे पाहत नव्हते. पडद्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो. "चूक झाली, दादा. माझ्याकडून नीट बसली नव्हती."

पडद्यावर दादांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. "मी म्हणलंच," ते म्हणाले. "मले वाटलं माह्यंच..." पुढचं राहिलं. मग आवाज चढला, अगदी धाकट्या भावासारखा. "काय शिकवते रे हा मास्तर पोट्ट्यांना?"

"पूल बांधायले शिकवते म्हणे," गुरुजी म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं.

"मंग मी त्या पुलांवरून जाणार नाही, सांगून ठेव," दादा म्हणाले.

"बसवली आता त्यांनी. मी मागून घेतो, दादा." गुरुजींनी दोन ओळी मागून उचललं. या वेळी स्वतःची अर्धी ओळ संपली तिथं ते थांबले नाहीत. दादांच्या अर्ध्या ओळीचा पहिला शब्द, ओठांतल्या ओठांत, म्हटला. बडनेऱ्याच्या फलाटापर्यंत जाणारा तो आवाज मला वीतभर अंतरावर जेमतेम ऐकू आला. दादांनी तो शब्द झेलला आणि पुढचं धडाधडा आलं, पन्नास वर्षांच्या सवयीनं.

त्या सकाळी वायर आणखी तीनदा गेली. तीनदा मला शिव्या बसल्या, तिसऱ्यांदा तर दादांनीच दिल्या, आणि मी तिन्ही वेळा खाली वाकून, बरोबर बसलेल्या वायरीवर पुन्हा बोट दाबलं. पाठ पुरा झाला. बंद करायचं कुणी नाव काढलं नाही. जाताना दादा म्हणाले, "उद्या सातला, मन्या. आणि त्या मास्तरला सांग, जरा अभ्यास करून ये म्हणा."

पडदा काळा झाला. काकू चहा ठेवून आत गेल्या. गुरुजी आसनाची घडी घालत होते, काठाला काठ जुळवून, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. मला शिव्यांचं काही वाटत नव्हतं, पण काहीतरी बोलायला हवं असं वाटलं.

"गुरुजी," मी म्हणालो, "वायर पक्की आहे. दिवा एकदाही विझला नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "थोडी ढिलीच राहू द्या."